काका, तुमची बेंबी कुठे आहे?

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार कागदावरचाच समजावा. सर्जनसाहेबांनी वाकायला, ओझं उचलायला आणि जोरात हसायला बंदी केली आहे. पहिल्या दोन गोष्टी मी आयुष्यात फारशा केल्या नव्हत्याच, पण तिसरी पाळताना जीव जातो, कारण घरात तुझी भावजय आहे.)

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, हुकूमच तो! ऑपरेशनची तारीख ठरली, माझं झालं तेच आणि त्याच हॉस्पिटलात, आतड्याचा खराब तुकडा काढून दोन टोकं जोडणार. घरी सोडल्यावर मोबाईलमधल्या ॲपवर रोज पोटाची खबर द्यायची असं डॉक्टर म्हणतात, ते थोतांड आहे की त्याचा काही उपयोग होतो ते दोन ओळींत कळव. आणि शेवटी, जाड अक्षरात, 'घरी मी एकटी पुरेशी आहे, कोणी यायची गरज नाही.' ताई, शाळेत पोरांना कवायत शिकवून तू निवृत्त झालीस खरी, पण शिट्टी अजून गळ्यातच आहे तुझ्या. दोन ओळींत हे मावणार नाही. पाय वर घेऊन, चहा जवळ ठेवून वाच. आणि ज्या पानावर 'काय हा मूर्खपणा' असं वाटेल त्या पानावर पत्र बंद करू नकोस, कारण तसं तुला दुसऱ्याच पानापासून वाटायला लागेल.

तुझी तब्येत कशी आहे, असं विचारायची पद्धत आहे म्हणून विचारतो. उत्तर पाठवू नकोस, ते मला ठाऊक आहे. आपल्या घराण्यात या प्रश्नाला 'मजेत' याखेरीज दुसरं उत्तर कोणी दिल्याचं ऐकिवात नाही. अण्णा शिडीवरून पडले, पाय भलत्याच दिशेला वळला, शेजारी धावत आले, तर हे जमिनीवर पडल्या पडल्या म्हणतात, 'मजेत, मजेत, तुमचं कसं काय?' तू तर मनगटाचं हाड मोडलेलं असताना अख्ख्या शाळेची कवायत घेतलीस, आणि संध्याकाळी हात भोपळ्याएवढा सुजला तेव्हा कुठे घरात कळलं. मीही त्याच घरातला. दुखतं म्हणणं म्हणजे चारचौघांत चप्पल सोडून पाय टेबलावर ठेवण्यासारखं वाटतं आपल्याला. ही आपली खोड या मोबाईलला माहीत नव्हती. त्या बिचाऱ्याला वाटलं, माणसाला विचारलं की माणूस खरं सांगतो!

तर झालं असं. ऑपरेशन उत्तम पार पडलं. (सर्जन तरुण आहेत, बोटं लांबसडक, बोलणं कमी. तुझ्या भावजयीने टाके पाहून 'हात साफ आहे' असा शेरा दिला. जन्मभर लोकांच्या पँटी आखूड-लांब करून देणाऱ्या बाईचा हा शेरा म्हणजे सुवर्णपदकच, पण सर्जनना ते कळलं नाही, ते नुसते हसले.) घरी सोडताना माझ्या मनगटावर एक काळा पट्टा बांधला, तो नाडी मोजतो आणि मी किती चाललो ते चहाड्या केल्यासारखं हॉस्पिटलला कळवतो. शिवाय मोबाईलमध्ये ते ॲप. ते आमच्या कन्येने दुसऱ्या गावाहून फोनवर ओरडत ओरडत माझ्याकडून बसवून घेतलं. 'बाबा, हिरवं बटण! हिरवं! ते हिरवं नाहीये बाबा, तो तुमचा अंगठा आहे!' अशी तासभर झुंज झाली. सर्जननी समजावलं होतं की आत जोडलेल्या जागी कधी कधी बारीक गळती होते, आणि ती वेळीच कळली तर किरकोळ, उशिरा कळली तर जिवावरची. म्हणून हा रोजचा पहारा. मी मान डोलावली. मान डोलावताना माणूस ऐकतोच असं नाही.

ॲप रोज सकाळी तेच प्रश्न विचारायचं. दुखणं शून्य ते दहात किती? ताप किती? उलटी? खाल्लं का? पोट फुगलंय का? आणि सगळ्यात महत्त्वाचा, 'आज वायू सरला का?' ताई, आतड्याच्या ऑपरेशननंतर या एका गोष्टीला जो मान मिळतो तो मला माझ्या लग्नातही मिळाला नव्हता. हॉस्पिटलात ती घटना पहिल्यांदा घडली तेव्हा सिस्टरने टाळ्या वाजवल्या, शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांनी 'वा!' केलं, आणि तुझ्या भावजयीचे डोळे भरून आले. एवढी वर्षं याच गोष्टीवरून ती मला खोलीबाहेर घालवत आली आहे! घरी आल्यावर मी चष्मा कुठेतरी विसरायचो म्हणून कन्येने ॲपला मोठ्याने वाचून दाखवायला लावलं होतं. मी स्टुडिओत खाली जाऊन नुसता स्टुलावर बसत असे. (घर वर आणि स्टुडिओ खाली असण्याचा तोटा हा की आजारपणातही गिऱ्हाईक दिसलं की पाय आपोआप जिना उतरतात.) एक वकीलसाहेब पासपोर्टच्या फोटोसाठी बसलेले, चेहरा दगडासारखा, मी म्हणतोय, हलू नका, हसू नका, श्वास रोखा. नेमका त्या क्षणी माझ्या खिशातून एका बाईचा गोड आवाज आला, 'आज वायू सरला का? हो किंवा नाही म्हणा.' वकीलसाहेबांना वाटलं त्यांनाच विचारलंय. ते गंभीरपणे 'नाही' म्हणाले. मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यानंतर त्यांचा न हसणारा फोटो काही त्या दिवशी मिळाला नाही.

पण खरी भानगड पुढेच आहे. ॲपला रोज जखमेचा एक फोटो हवा असायचा. आता तूच सांग, कोणाकडे मागावा फोटो! जन्मभर मी काळ्याला गोरं, टकलूला केसाळ आणि भांडखोर नवरा-बायकोला एकमेकांकडे प्रेमाने बघणारं केलं. निगेटिव्हवर पेन्सिलीने टचिंग करायचो त्या काळापासून माझा एकच धर्म, गिऱ्हाईक स्टुडिओतून बाहेर पडताना खूश दिसलं पाहिजे. पहिल्या दिवशी हिने सरळ मोबाईलने फोटो काढला आणि मी पाहिला मात्र, मला भोवळ आली. बेंबीला वळसा घालून गेलेली लांबलचक वाट, मध्ये मध्ये टाके, कडेला लाली, सगळं कसं ओबडधोबड. माझ्या स्टुडिओच्या नावाने असला फोटो बाहेर जाणार? हॉस्पिटलातली माणसं काय म्हणतील? मी हिला सांगितलं, उद्यापासून हे खातं माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी खाटेवर पांढरी चादर अंथरली, एका बाजूने मऊ उजेड सोडला, हिच्या हातात चांदीच्या रंगाचा पुठ्ठा दिला आणि उजेड पोटावर परतवायला सांगितलं. (हिचं म्हणणं, लग्नाच्या अल्बमसाठीसुद्धा तू एवढा वेळ घेतला नव्हतास.) मग कॉम्प्युटरवर घेऊन लाली थोडी उतरवली, सूज सपाट केली, कातडीला जरा तजेला दिला. पाठवला. ॲपचं उत्तर आलं, 'फोटो मिळाला, धन्यवाद.' ताई, माझ्या कामाला लोक 'छान' म्हणतात, 'बरा आलाय' म्हणतात, पण इतक्या तत्परतेने धन्यवाद कोणी दिले नव्हते. मला स्फुरण चढलं. रोज एक हात वरचढ. जिन्याखाली गाद्यांचं दुकान आहे त्या गादीवाल्याला बोलावून मी ते फोटो दाखवले, तर तो म्हणाला, 'काका, हे पोट तुमचं वाटतच नाही.' मी तो मोठेपणा समजलो.

आता इथून पुढे हसण्यासारखं थोडं कमी आहे, पण वाच. काही दिवस बरे गेले आणि मग एका सकाळी मला काही खावंसं वाटेना. अंगात बारीक कणकण. पोटात डाव्या अंगाला खालच्या बाजूला काहीतरी ओढल्यासारखं व्हायला लागलं, कूस बदलली की कळ. वायूने दडी मारली. मी काय केलं असेल म्हणतेस? ॲपने दुखणं विचारलं, मी दोन लिहिलं. (शून्य लिहिलं तर खोटं वाटेल, तीन लिहिलं तर रडगाणं. दोन हा आकडा सभ्य आहे.) वायू सरला का, तर 'हो', कारण नाही म्हणून त्या गोड आवाजाच्या बाईला नाराज कशाला करायचं. ताप मोजायच्या आधी थंड पाणी प्यायलो. पोट फुगलं होतं ते हिला दिसू नये म्हणून ढगळ सदरा घातला, आणि फोटोत तर काय, माझ्या हातात सगळंच होतं. त्या दिवशी जखमेच्या कडा जरा जास्तच लाल होत्या, म्हणून मी जरा जास्तच साफ केलं. ही विचारायची, बरं आहे ना? मी म्हणायचो, मजेत. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती रागावून खाली स्टुडिओत जाऊन बसली. चूक माझीच होती हो, पण मान्य कोण करणार!

दुपारी फोन वाजला. हॉस्पिटलातून एक सिस्टर बोलत होती. ॲपवर येणाऱ्या सगळ्यांच्या खबरा हीच बघते, हे मला तेव्हा कळलं. (मी आपला समजत होतो की ते सगळं आपोआप कुठल्यातरी पेटीत जाऊन पडतं.) मी तिला मनात दुर्बीणबाई म्हणतो, पुढे तेच नाव वापरतो. दुर्बीणबाई अतिशय गोड आवाजात म्हणाली, 'काका, एक विचारू का? तुमची बेंबी कुठे आहे?'

आयुष्यात असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. म्हटलं, जिथे सगळ्यांची असते तिथेच. ती म्हणाली, 'पहिल्या फोटोत होती. परवा जरा पुसट झाली. आजच्या फोटोत नाहीच. शिवाय खालचे चार टाकेही नाहीत, आणि टाके तर आम्ही अजून काढलेले नाहीत.' मी फोटो उघडून बघतो तर काय! लाली साफ करता करता हात पुढे गेलेला, बेंबी गिळंकृत, टाके गायब, पोट एकदम नव्या उशीसारखं सपाट आणि गुळगुळीत. असं पोट जगात कोणाचं नसेल. मला दरदरून घाम फुटला, काही फजितीने, काही तापाने. वर ती म्हणाली, 'काका, जखम रोज देखणी होतेय, दुखणं दोनच्या पुढे जात नाही, आणि पट्टा सांगतोय की तुमची नाडी पहाटेपासून पळतेय आणि तुम्ही खाटेवरून फारसे उठलेलेच नाहीत. एवढी देखणी जखम असलेला माणूस झोपून का राहिलाय? काकूंना फोन द्या.'

ताई, मनगटावरच्या पट्ट्याला टचिंग करता येत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

काकूंना हाक मारून खालून वर बोलावलं आणि फोन दिला. काकूंनी पुठ्ठा, चादर, दिवा काहीही न घेता खिडकीच्या उजेडात सदरा वर करून एक फोटो काढला आणि धाडला. मी पाहिला नाही, हिचा चेहरा पाहिला, तेवढं पुरे झालं. दुर्बीणबाईने फोनवरून मला खोकायला सांगितलं. मी खोकलो आणि असा ओरडलो की खाली गादीवाला दुकान उघडं टाकून वर आला. दुर्बीणबाईने हिला विचारलं, दुखणं किती लिहू? हिने माझ्याकडे न बघताच सांगितलं, आठ लिहा, आणि हा माणूस पुन्हा फोनला हात लावणार नाही असंही लिहा. मग दुर्बीणबाईचा आवाज बदलला. गोडवा तसाच, पण आत पोलाद. म्हणाली, काही खाऊ-पिऊ नका, आत्ताच्या आत्ता या, सर्जनना मी सांगते, दारात माणूस उभा असेल.

गाडी कुठून आणायची, तर गादीवाल्याची माल पोचवायची गाडी दारातच होती. त्यात नुकत्याच भरलेल्या गाद्या एकावर एक रचलेल्या, त्याने मला वरच्यावर ठेवलं. जगात इतक्या आरामात इतका घाबरलेला माणूस कधी हॉस्पिटलात गेला नसेल. ही शेजारी गाद्यांच्या खोबणीत बसलेली, एका हाताने माझा हात, दुसऱ्या हाताने छत धरलेलं. दर वळणावर गादीवाला पुढून ओरडायचा, 'काका, ठीक?' आणि ही माझ्या आधीच ओरडायची, 'नाही! चालव!' हॉस्पिटलच्या दारात खरंच माणूस उभा होता, ढकलगाडी घेऊन. त्याने गाद्यांकडे पाहिलं आणि विचारलं, यातलं पेशंट कुठलं?

मग ते नळकांड्यासारखं मशीन, पोटाचे आतले फोटो. (ते फोटो मी नंतर पाहिले. प्रकाशयोजना भिकार. पण खरे आहेत.) ढकलगाडीवर पडून निकालाची वाट बघत होतो तेव्हाची गोष्ट सांगतो, कारण तुला सांगायलाच हवी. तिथलं छत पांढरं, त्यावर एक ओला डाग. मी त्या डागाकडे बघत पडलो होतो आणि मला पहिल्यांदा स्वच्छ कळलं की आपण मरू शकतो. आणि गंमत म्हणजे मरणाची भीती नंतर आली, आधी शरम आली. की ही लोकांना काय सांगणार, नवऱ्याने जखमेला पावडर लावून फोटो पाठवले म्हणून? मला हिचा हात सोडवेना. ही एकदाही रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

सर्जन आले, फोटो दाखवले. आत जोडलेल्या जागी बारीकशी गळती, बाजूला पू साठायला लागलेला, पण अजून एका कोपऱ्यात आवरून बसलेला. पुन्हा पोट उघडायची गरज नाही, म्हणाले. कातडीतून एक बारीक नळी घालून पू काढला, शिरेतून औषधं दिली, काही दिवस ठेवून घेतलं. मी विचारलं, उशीर झाला असता तर? एरवी कमी बोलणारा माणूस, त्या दिवशी आणखी कमी बोलला. नुसती मान हलवून म्हणाला, वेळेत आलात, एवढंच धरा. माझा जीव भांड्यात पडला, आणि हिने तिथेच खुर्चीत बसून पहिल्यांदा मनसोक्त रडून घेतलं. मीही रडलो. (हसायला बंदी होती, रडायला कोणी बंदी केली नव्हती. पण पोट दोन्हीतही हलतं, हे मी तुला आधीच सांगून ठेवतो.)

नळी निघाली, मी चालायला लागलो, तेव्हा सर्जनना म्हटलं, त्या बाईला भेटायचंय. त्यांनी मला एका खोलीशी नेलं. ताई, मी मनात काहीतरी भव्य धरून बसलो होतो. प्रत्यक्षात खोली आपल्या जुन्या डार्करूमएवढी, खिडकी नाही, दोन पडदे, एक पंखा आणि एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची मुलगी बिस्किट चहात बुडवून खात बसलेली. मी नमस्कार केला, ओळख सांगितली. तिला काही उमजेना. सर्जन म्हणाले, काका, सदरा वर करा. केला. ती ताडकन उभी राहिली, 'अगंबाई, हे होय ते!' आणि बिस्किट चहात बुडालं ते बुडालंच. तिच्या पडद्यावर शंभर पोटं, शंभर माणसं, कोणाला तिने पाहिलेलं नाही, पण कोणाची नाडी पळाली, कोण जेवलं नाही, कोणाची बेंबी गेली, हे तिला माहीत. मला बोलायचं पुष्कळ होतं. पाठ करून गेलो होतो. तोंडातून एवढंच निघालं की, मुली, तू माझा जीव वाचवलास. तर म्हणते, 'मी कसला वाचवला, पट्टा ओरडला, मी फक्त ऐकलं.' वर निघताना हळूच विचारते, 'काका, नोकरीच्या ओळखपत्रासाठी माझा फोटो हवाय. पण माझ्या फोटोला टचिंग कराल ना हो थोडं?' मी म्हटलं, बाई, तुझं नाक, डोळे, गाल, जे म्हणशील ते करीन, फक्त तू ओळखू येशील एवढं ठेवीन.

तर असा हा अनुभव. तू विचारलंस, थोतांड आहे का. थोतांड मी होतो, ताई, ॲप नव्हतं. त्या यंत्राचे मी हजार आभार मानतो, त्याच्या खणखणीत आवाजासकट. वकीलसाहेबांची क्षमाही मागून झाली आहे. (ते म्हणाले, त्यांच्या सासऱ्यांचं ऑपरेशन व्हायचं आहे, ॲपचं नाव सांगा.) गादीवाल्याचे आभार मानायला गेलो तर तो म्हणतो, त्या गाद्या विकल्या गेल्या, गिऱ्हाइकाला सांगू नका. सर्जनचे, ढकलगाडीवाल्याचे, कन्येच्या घशाचे, सगळ्यांचे आभार. तुझ्या भावजयीचे मात्र मानता येत नाहीत. तोंड उघडलं की ती 'पुरे' म्हणते आणि मला सूप पाजते. आता माझ्या पोटाचे फोटो तीच काढते. वाईट येतात. मला ते फार आवडतात.

तू काळजी घे. पट्टा काढून ठेवू नकोस, अंघोळीलाही चालतो. दुखणं विचारलं तर कवायतीच्या बाईंना न विचारता पोटाला विचारून आकडा लिही. थोरांना नमस्कार म्हणावं तर आता आपल्यात तूच थोर उरलीस, तेव्हा तुलाच पुन्हा एकदा.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. – तुझ्या भावजयीने पत्र वाचलं. म्हणते, ढकलगाडीवरचं सगळं लिहिलंस, पण एक गाळलंस. तेही आता लिहायला लावते आहे, मागे उभी आहे. तर, त्या नळकांड्याच्या मशीनमध्ये नेताना मी हिला नाही, तुला हाक मारत होतो. मोठ्याने. 'ताई, ताई' म्हणून. तिथल्या माणसाने विचारलं, ताई कुठे आहेत, बाहेर बसल्यात का? ही म्हणाली, नाही, त्या एकट्या राहतात.

ता. क. दुसरा – ॲप सुरू करतानाच ते विचारतं, 'तुम्ही फोन उचलला नाहीत तर घरातल्या कोणाला करायचा?' माझ्या वेळी त्या जागी हिचा नंबर होता, आणि ही घरातच होती म्हणून हे पत्र तुला मिळतं आहे. तू तिथे स्वतःचाच नंबर पुन्हा घालशील, मला माहीत आहे. नको घालूस. पण माझा नंबरही पुरणार नाही, ताई. फोन घेऊन तुझ्यापर्यंत पोचायला अर्धा दिवस लागतो. दुर्बीणबाई काकूंना फोन द्या म्हणेल तेव्हा काकू त्याच खोलीत हवी.

ता. क. तिसरा, आणि पत्र लिहायला बसलो तो याचसाठी – ऑपरेशननंतर तू इकडे येणार आहेस. स्टुडिओच्या मागची खोली रिकामी केली आहे, जिना चढायचा नाही, खाट खिडकीपाशी आहे. विचारत नाहीये. माझ्या वेळी वाटली नाही एवढी भीती मला तुझ्या वेळी वाटते. ऑपरेशनच्या आधीच, रविवारी, आम्ही दोघं तुला न्यायला येतो आहोत. एकदा तरी कोणाला तरी तुझी पिशवी उचलू दे.